उपमन्यूची उशी

गुरुपौर्णिमेच्या नाटकाचं पहिलं भांडण कालनिर्णयशी असायचं. आषाढी पौर्णिमा कधी जुलैच्या सुरुवातीला येते, कधी पार शेवटाकडे सरकते. २०२३ साली ती ३ जुलैला होती, २०२४ साली २१ जुलैला. शाळा उघडणार जूनच्या मध्याला. म्हणजे एका वर्षी तालमींना जेमतेम अडीच आठवडे, पुढच्या वर्षी पाच. म्हणून मंडळात संहिता मे महिन्याच्या सुट्टीआधीच वाटून टाकत. वह्या गावाला जायच्या, आंब्याचे डाग घेऊन परत यायच्या आणि पाठांतर शेवटी तालमीतच व्हायचं.

नाटक कुठलं, याची चर्चा दरवर्षी तीच. ध्रुव सोपा, पण सावत्र आई व्हायला कुणी मुलगी तयार नसते. नचिकेत्याला पात्रं कमी लागतात. मात्र यम आणि नचिकेता बोलायला लागले की मागच्या चार रांगा पेंगतात. एकलव्य करायचा नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण ज्यांच्यासाठी नाटक व्हायचं ते मंडळाचे गुरुजी समोर बसलेले असताना अंगठ्याचा प्रसंग कुणालाच नको वाटायचा. मग फिरून फिरून गाडी यायची धौम्य ऋषींच्या आश्रमावर. महाभारताच्या आदिपर्वातली ही गोष्ट. आरुणी, उपमन्यू आणि वेद हे तीन शिष्य, तिघांच्या तीन परीक्षा. व्यासपौर्णिमेला व्यासांचीच गोष्ट, त्यात पाऊस, गाई, विहीर आणि भरपूर खाणंपिणं. मुलांना याहून काय हवं? (वेदाची गोष्ट महाभारतातच दोन ओळींत आटोपते, त्यामुळे तो बिचारा शेवटच्या प्रवेशात नुसता नमस्कार करून जायचा.)

बांधणी जुन्या मराठी नाटकाची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी आपापली भाषणं करायची. लहान मुलांसाठी ही पद्धत सोन्यासारखी. सूत्रधार, एक पेटी, एक तबला आणि झांजा रंगमंचाच्या कडेला सबंध वेळ बसलेल्या. कुणी वाक्य विसरलं की सूत्रधाराने पदाची ओळ उचलायची, तेवढ्यात विंगेतून शब्द पोचतो. त्यामुळे सूत्रधार नेहमी मोठा विद्यार्थी, तोही गाता गळा असलेला. नुसतं पाठांतर चोख असलेला मुलगा तिथे चालत नाही. तो स्वतःचं वाक्य कधीच चुकत नाही आणि दुसऱ्याला कधीच सावरत नाही.

आरुणीचा बांध हे नेपथ्यातलं सगळ्यात मोठं काम. सहा गोणपाटाची पोती, पेंढा मिळाला तर पेंढा, नाहीतर रद्दीचे बोळे भरून. दहा फुटांची ओळ. मधलं पोतं तेवढं मोकळं ठेवायचं, कारण पाण्याच्या लोंढ्यात ते वाहून जायचं असतं. त्याला दोरी बांधून विंगेतून ओढायची. सुतळी बांधली तर ती फळ्यांच्या फटीत अडकते आणि बांध काही केल्या फुटत नाही. आरुणी ताटकळत उभा, प्रेक्षक हसताहेत, असा प्रकार. गळाची तंगूस घेतली की अडकतही नाही आणि दिसतही नाही. त्या खिंडारात आरुणी स्वतः आडवा होऊन पाणी अडवतो, म्हणून खिंडाराचं माप मुलाला प्रत्यक्ष आडवं झोपवून घ्यायचं, गुडघे थोडे दुमडून. नाहीतर मुलगा मधोमध झोपतो आणि दोन्ही बाजूंनी वीतभर जागा उरते, तिथून पाणी खुशाल वाहून जाईल.

पाणी म्हणजे दोन निळ्या नायलॉनच्या साड्या टोकाला टोक शिवलेल्या. सुती साडी मेल्यासारखी पडून राहते, नायलॉन हवेवर उचलतं. दोन बाजूंच्या विंगांत दोन मुलं मांडी घालून बसायची. लाट मनगटातून काढायची, खांद्यातून नाही. खांद्यातून काढली की पाणी न दिसता चादर झटकल्यासारखं दिसतं. खरी गंमत पुढे असते. धौम्य हाक मारतात, “आरुणी, बाळा, कुठे आहेस?” आरुणी उठतो, आणि तो उठला म्हणजे बांध पुन्हा फुटतो. त्यावरूनच गुरू त्याला उद्दालक नाव देतात. म्हणजे दुसरी लाट हवीच. पण लाटेवरची मुलं तोवर प्रवेश संपला असं समजून साडी सोडून नाटक बघत बसलेली असतात. त्यांच्या पायाला त्याच तंगूसचं दुसरं टोक बांधून ठेवणं हा एकच उपाय खरा उपयोगी पडला. सूत्रधाराने ओढलं की दुसरी लाट.

पावसाच्या आवाजासाठी सुपात हरभरे आणि गडगडाटाला पत्रा, अशी सगळी तयारी व्हायची. बहुतेक वर्षी सूप उघडावंच लागलं नाही. जुलैतली मुंबई, वर सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर! उलट खऱ्या सरीत संवाद बुडतात, म्हणून जमिनीलगत तीन माईक आणि ‘सर वाढली की थांबा, पद म्हणा’ ही सूचना. माईक जमिनीवर असले की चपला बंद, सगळे अनवाणी. आश्रमात ते शोभतंही.

मेकअपला सगळ्यात जास्त वेळ धौम्यांच्या दाढीला लागतो. जुलैच्या दमटपणात स्पिरिट गमवर चिकटवलेली दाढी घामाने सुटते आणि ती नेमकी आशीर्वाद देताना सुटते. चूक बहुधा क्रमाची असते. आधी पॅनकेक, म्हणजे चेहऱ्याचा रंग, लावून त्यावर गम लावला की दाढी कातडीला न चिकटता रंगाला चिकटते. हनुवटी कोरडी पुसायची, गम लावून तो थोडा चिकट होऊ द्यायचा, मग क्रेपचे केस खालून वर थर देत लावायचे आणि ओलसर फडक्याने मिनिटभर दाबून धरायचे. पॅनकेक उरलेल्या चेहऱ्याला, नंतर. काढताना खोबरेल तेल, ओढाओढ नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र इलॅस्टिकचीच दाढी बरी.

उपमन्यूचं सगळं नाटक पोटात आहे. गुरू त्याला गाई राखायला पाठवतात आणि संध्याकाळी विचारतात, अरे, तू एवढा धष्टपुष्ट कसा? तो म्हणतो, भिक्षा मागतो. गुरू म्हणतात, भिक्षा मला न देता खायची नाही. मग तो दुसऱ्यांदा भिक्षा मागतो. त्याने इतरांच्या पोटावर पाय येतो, तेही बंद. गाईचं दूध बंद. वासरांच्या तोंडचा फेस, तोही बंद. तर पोटाला बाळाची उशी बांधायची, गंजीवर, चार इंची क्रेप बँडेजने दोन आडवे आणि एक तिरका वेढा देऊन. नुसत्या नाडीने बांधली तर गाई हाकताना ती घसरत गुडघ्यावर येते. बसवणारे हौसेने एक गोष्ट करायचे: दर मनाईनंतर उशी काढून तिच्या जागी टॉवेल, मग टॉवेलच्या जागी पंचा. मुलगा बारीक बारीक होत जातो, लोकांना कणव येते.

गुरुजींनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाले, “तो बारीक झाला असता तर धौम्यांनी पुन्हा विचारलं कशाला असतं?” मूळ गोष्टीत तो दरवेळी तसाच जाडजूड दिसतो, म्हणूनच दरवेळी प्रश्न येतो. तेव्हापासून उशी शेवटच्या मनाईपर्यंत तशीच. आणि विनोदही त्यातच आहे. मुलगा तक्रार करत नाही, नियम मोडत नाही, आणि पोट काही कमी होत नाही. प्रेक्षक चौथ्या वेळी धौम्यांच्या आधी प्रश्न ओरडतात.

मग भुकेने तो रुईची पानं खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. इथे एक पक्कं लक्षात ठेवायचं. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळा सहज मिळतात, आणि दरवर्षी कुणीतरी कर्तबगार पालक त्या घेऊन येतात. खरी रुई रंगमंचावर आणायची नाही. तिचा चीक डोळ्यात गेला तर नाटकातलं खरं व्हायला वेळ लागत नाही. गल्लीतल्या देशी बदामाची पानं आणायची, ती मोठीही असतात आणि चौथ्या रांगेतून कुणाला फरक कळत नाही. विहीर म्हणजे लेव्हलमागे (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यामागे) बसलेला मुलगा आणि तोंडापाशी रिकामी पितळी घागर. आवाज छान घुमतो, पण शब्द एकमेकांवर चढतात. म्हणून अश्विनीकुमारांची, म्हणजे देवांच्या वैद्यांची, स्तुती अर्ध्या वेगाने म्हणायची.

अश्विनीकुमार जुळे, तेव्हा सारख्या उंचीचे दोघे निवडायचे. एकाने कुर्ल्यापलीकडून आणि दुसऱ्याने दादरहून यायचं असेल तर गडबड ठरलेली. हिंदमाताला पाणी भरलं, सायनला गाड्या थांबल्या की एकच अश्विनीकुमार प्रकट होतो. लांबची मुलं आदल्या रात्रीच हॉलमध्ये झोपायला आणण्याचा रिवाज त्यातूनच पडला. ड्रेपरीची, म्हणजे नाटकाच्या कपड्यांची, बोचकी मात्र लोकलच्या लगेजच्या डब्यातून सकाळी यायची, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, कारण मुकुटाचा पुठ्ठा एकदा ओला झाला की सोनेरी कागदाला फोड येतात. मुकुट चिकटवायला खळ वापरायची नाही, पावसाळ्यात तिला बुरशी येते. फेव्हिकॉल लावून तीन दिवस पंख्याखाली.

मुकुटाचा एक शिष्टाचार होता. डोक्यावर मुकुट असलेलं पात्र कुणाच्या पाया पडत नाही, गुरुजींच्यासुद्धा. मुलांनी नमस्कार रंगपटात, मुकुट चढायच्या आधी करून घ्यायचा. नंतर देवांची एन्ट्री झाली की गुरुजीच हात जोडत. पहिल्यांदा देव झालेली मुलं इथे हमखास गोंधळतात, अर्धवट वाकतात, मुकुट नाकावर येतो. म्हणून मुकुटाला आतून स्पंजची पट्टी आणि मागे बंद.

अश्विनीकुमार उपमन्यूला अपूप, म्हणजे एक पक्वान्न, खायला देतात. अपूप म्हणून घारगा, त्याच दिवशी तळलेला. त्यामुळे नाटक महाप्रसादाआधी, सकाळीच ठेवायचं. शिरा-पुरी खाल्लेला उपमन्यू घारग्याकडे ज्या नजरेने बघतो त्यात भूक नसते. गुरूंना दिल्याशिवाय खाणार नाही, असं तो सांगतो. तेव्हा देव प्रसन्न होऊन म्हणतात, तुझ्या गुरूचे दात काळ्या लोखंडाचे, तुझे सोन्याचे होतील. हे वाक्य गाळावं असं बसवणाऱ्यांना दर खेपेस वाटायचं. गुरुजी ते गाळू देत नसत. वाक्य आलं की सगळा हॉल त्यांच्याकडे बघायचा आणि ते तोंड उघडून दात दाखवायचे.

सोन्याचे दात म्हणजे चॉकलेटवरचा सोनेरी कागद, वरच्या चार दातांवर दाबून बसवलेला. तो लावल्यावर ‘स’ आणि ‘श’ दोन्ही शिट्टीसारखे येतात, म्हणून पुढे उपमन्यूला संवाद नाही. तो रंगमंचावरून पायऱ्या उतरतो, नाटकातल्या धौम्यांना ओलांडून थेट पहिल्या रांगेत जातो आणि घारगा खऱ्या गुरुजींच्या हातावर ठेवतो. ते अर्धा मोडून परत देतात. मग पाठ वळवून दातांवरचा कागद सोलून काढायचा, तो उपरण्याच्या गाठीत बांधायचा आणि घारगा खायचा.