नाकातलं रक्त आणि जुनं ऑपरेशन: माझा अनुभव

आमच्या पाचोऱ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत घोळणा फुटला म्हणून कुणी दवाखान्यात पळत नाही. माय म्हणाली, "तुले ऊन लागनं, कांदा हुंग." पण माझं रक्त उजव्याच नाकपुडीतून यायचं. मृग लागला, हवा गार झाली, तरी ते थांबेना. पुढे त्या बाजूने श्वासही कोंडायला लागला.

जळगावच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर आत लालभडक गाठ. त्यांनी विचारलं, "काका, याआधी कसलं ऑपरेशन झालंय का?" २०१३ साली कॅन्सरमुळे डावी किडनी काढल्याचं सांगितलं आणि त्यांनी तुकडा घ्यायचं तिथेच थांबवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. किडनीच्या कॅन्सरच्या गाठीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे तपासणीपुरता तुकडा काढतानाही रक्त आवरेनासं होऊ शकतं. छातीपोटातल्या अवयवांचा कॅन्सर नाकात आणि सायनसमध्ये क्वचितच पोचतो, पण पोचला तर बहुतेक वेळा तो किडनीचाच असतो. आणि किडनी काढून दहा-दहा वर्षं झाल्यावरही तो असा वर येऊ शकतो.

म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: किडनी काढलेल्या माणसाचं एकाच बाजूने नाक वाहत असेल, रक्त येत असेल, तर डॉक्टरांना जुनं ऑपरेशन आधी सांगा, नाकाचं नंतर.

पुढचं मुंबईला झालं. राहिलेल्या एका किडनीवर ताण येऊ नये म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) पाहिलं, मगच रंगाचं औषध टोचून सीटी स्कॅन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीचा रक्तपुरवठा आतूनच बंद केला. मी जागा होतो, मान जराही हलवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी नाकातूनच दुर्बिणीने गाठ काढली, चेहऱ्यावर टाका नाही. रिपोर्ट आला, 'क्लिअर सेल', म्हणजे किडनीचाच. फुफ्फुसातही लहान डाग निघाला, म्हणून पॅझोपॅनिब ही कॅन्सरवरची गोळी सुरू झाली.

ती उपाशीपोटी घ्यायची: जेवणाच्या तासभर आधी, नाहीतर दोन तासांनी. मी पहाटेची वेळ धरली. बीपी वाढलं, जुलाब झाले, केस पांढरेशुभ्र झाले. केसांचं काही नाही, पण बीपी रोज वहीत लिहितो आणि लिव्हरची रक्ततपासणी कधी चुकवत नाही. अंगदुखीची गोळी मनाने घेत नाही, एकच किडनी आहे.

येण्याजाण्याचा मोठा भार रेल्वेने उचलला. हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा फॉर्म दिला की कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट मोफत मिळतं, सोबतच्या माणसालाही बरीच सवलत असते. फॉर्म पहिल्याच भेटीत मागून घ्या.

नाक आता मोकळं आहे. फुफ्फुसातला डाग गेल्या स्कॅनमध्ये वाढलेला नव्हता. गोळी चालू आहे, पुढचा स्कॅन दिवाळीनंतर.