सहा तास गाडी चालवली तरी ट्रेलरची बॅटरी रिकामीच

मेलबर्नमधल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता कॅम्पर ट्रेलर घ्यायला लागलेत आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, बॅटरी पुरत नाही, अजून एक टाकू का? थांबा, आधी माझं ऐका.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हॉल्स गॅपला दोन रात्री राहिलो, तिथून मिल्ड्यूरा आणि पुढे मुंगो नॅशनल पार्क. सगळं मिळून सहा तासांच्या आसपास ड्रायव्हिंग. मी निर्धास्त, कारण अँडरसन प्लग (गाडीची वीज ट्रेलरला देणारा जाड जोड) लावलाय, गाडी चालतेय म्हणजे मागची ट्रेलरची 100 अँपअवरची एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी) चार्ज होतच असणार. मुंगोच्या कॅम्पात वीज नाही. मध्यरात्री बायकोने हलवून उठवलं, "अरे, फ्रीजचा आवाज येत नाहीये." बॅटरीच्या मीटरवर 11.6 व्होल्ट, म्हणजे रिकामीच. श्रीखंडासाठी घेतलेला चक्का, दूध, लेकीचं औषध सगळं आत, आणि मला खरंच फार वाईट वाटलं, कारण औषधाची जबाबदारी माझी होती. नशीब की बाहेर कडाक्याची थंडी होती, औषध डब्यात घालून बाहेर ठेवलं.

सकाळी मल्टिमीटर काढला. इंजिन गार असताना सुरू केलं तर पुढच्या, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर 14.2 आणि मागे ट्रेलरच्या बॅटरीवर 13.1, म्हणजे एक व्होल्टच्या वर वाटेतच गेलं. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं तर पुढेच 12.7 आणि मागे 12.3! नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीज बनवणारा जनरेटर) असाच असतो, पुढची बॅटरी भरली की पेट्रोल-डिझेल वाचवायला व्होल्टेज खाली आणतो. एजीएम पूर्ण भरायला 14.4च्या आसपास लागतं, 12.3 वर तिच्यात काय जाणार.

आणि ती वायर. ज्या वर्कशॉपने बसवली त्यांनी "6 एमएम" सांगितलं होतं आणि मी 6 चौरस मिलिमीटर समजलो. इथे ऑटो केबलचा 6 एमएम म्हणजे वरच्या प्लास्टिकसकट बाहेरची जाडी, आत तांबं साधारण 4.6 चौरस मिमी. बॉनेटपासून ट्रेलरपर्यंत दहा मीटर, परत येताना दहा, 20 अँपिअरला दीड व्होल्ट गुल. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

घरी आल्यावर 6 बी अँड एस (केबलच्या जाडीचं वेगळं माप) केबल टाकली (तांबं साडेतेरा चौरस मिमी), दोन्ही टोकांना बॅटरीजवळ फ्यूज, आणि 25 अँपचा डीसी-डीसी चार्जर ट्रेलरमध्ये, बॅटरीच्या अगदी शेजारी. गाडीत नाही, ट्रेलरमध्येच, कारण वाटेत पडलेलं व्होल्टेज तो तिथे उचलून परत 14.4-14.5 करतो, जसं पुण्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून बूस्टर पंप लावतात तसंच. फक्त एक लक्षात ठेवा, 25 अँप बाहेर द्यायला तो गाडीकडून तीस-पस्तीस अँप ओढतो, त्यामुळे जुन्या बारीक वायरवर नुसता चार्जर लावलात तर ती वायर तापेल. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर चार्जरची इग्निशनची वायर (गाडी चालू असल्याचं त्याला सांगणारी) जोडाच, नाहीतर 12.7 बघून त्याला वाटतं इंजिन बंद आहे आणि तो चार्जिंगच थांबवतो.

जुन्या गाडीचा अल्टरनेटर सतत 14च्या वर देत असेल तर नुसती जाड वायर आणि रिले (इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) एवढ्यावर काम बऱ्यापैकी भागतं, पण लिथियम बॅटरी असेल तर डीसी-डीसीशिवाय नकोच.

या ईस्टरला परत गेलो. पुढे 12.7, मागे 14.5, फ्रीज चालू असतानाही. हॉर्शमला चहाला थांबलो तेव्हा प्लगला हात लावून बघितला, गार होता. लेकीचं औषध यावेळी फ्रीजमध्येच राहिलं, पाचही रात्री.