वीस मिनिटांनी लाल होणारा व्हॉल्व

"काका, परत लाल झालाय."

फोनवर नमस्कार ना चमत्कार, थेट एवढंच. मी म्हटलं, "आधी बंद कर, मग बोल." पलीकडे खटका पडल्याचा आवाज आला तेव्हा जीव भांड्यात पडला. मग विचारलं, "कुठला? डावा की उजवा?"

"डावाच. मागच्या वेळचाच."

एवढं ऐकलं आणि चूक माझी आहे हे कळून चुकलं. आठच दिवसांपूर्वी त्याचा गिटारचा अ‍ॅम्प माझ्या दुरुस्तीच्या टेबलावरून गेला होता. ५० वॉटचा, जुन्या ब्रिटिश घाटाचा, काचेच्या नळ्यांवर म्हणजे व्हॉल्ववर चालणारा: स्पीकरला ताकद देणारे दोन ईएल ३४ आणि त्यांच्या आधी तीन लहान ईसीसी ८३. तेव्हाही डावा व्हॉल्व लाल होतो हीच तक्रार होती. त्याने आणलेली नवी जोडी बसवली, बायस लावला (म्हणजे न वाजवता व्हॉल्वमधून किती करंट जावा, ते उणे व्होल्टेजने ठरवलं), दहा मिनिटं वाजवून बघितलं आणि देऊन टाकला. आता नवा व्हॉल्वही त्याच जागेवर लाल होत असेल, तर दोष व्हॉल्वचा नाही, जागेचा आहे. जुन्या दोघांची अदलाबदल करून बघायला मला तेव्हा पाच मिनिटं लागली असती. लाली व्हॉल्वबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर व्हॉल्व खराब, तिथेच राहिली तर सर्किट. हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

लाल होणं म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळजण आतला नारिंगी उजेड बघूनच घाबरतात. तो हीटरचा, तो असायलाच हवा. काळजीचा रंग वेगळा असतो. व्हॉल्वच्या आत बाहेरच्या अंगाला करडा पत्रा दिसतो, ती प्लेट. हीटरने तापवलेल्या मधल्या कॅथोडवरून सुटलेले इलेक्ट्रॉन तिच्यावर आदळतात आणि ती तापते. ईएल ३४ची प्लेट २५ वॉट उष्णता सोसते. त्याच्या वर गेलं की पत्र्यावर नखाएवढा तांबूस डाग उमटतो आणि बघता बघता पसरतो. भर उजेडात तो दिसतही नाही, दिवा मालवून बघावं लागतं.

संध्याकाळी सातला त्याचा कार्यक्रम होता. अकराला तो अ‍ॅम्प घेऊन दारात. मी सगळ्यात आधी मागचा एचटी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या पुरवठ्याचा, फ्यूज काढला. पॅनेलवर छापलंय ५०० मिलिअँपिअर, आणि माझ्या हातात आला ३ अँपिअरचा.

"हा कोणी घातला?"

"काल तालमीत जुना उडाला. घरात हाच होता, काका."

मी काही बोललो नाही. फ्यूज उडाला हा अ‍ॅम्पने दिलेला निरोप होता, आणि ह्याने निरोप्याचंच तोंड बांधलं. सहापट मोठ्या फ्यूजमागे व्हॉल्व आणि स्पीकर यांच्या मधला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर उघडा पडतो. व्हॉल्व बदलता येतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरसारखा दुसरा मिळवणं म्हणजे जन्माची खटपट. आधी तेच तपासलं. प्रायमरीचे, म्हणजे व्हॉल्वकडच्या गुंडाळीचे, दोन्ही अर्धे भाग ओहममध्ये जवळपास सारखे, चॅसिसकडे गळती नाही. वाचला होता.

मग ५००चा फ्यूज घातला, स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाड रेझिस्टर जोडला (आऊटपुट मोकळं ठेवून व्हॉल्व अ‍ॅम्प चालवायचा नसतो, ट्रान्सफॉर्मरवर भलतंच व्होल्टेज चढतं), आणि अ‍ॅम्प उलटा ठेवून सुरू केला. गेल्या खेपेला प्रत्येक कॅथोडखाली मी १ ओहमचा रेझिस्टर घातला होता. त्याच्यावर जेवढे मिलिव्होल्ट, तेवढे मिलिअँपिअर. थोडा स्क्रीनचा, म्हणजे आतल्या एका जाळीचा, करंट त्यात मिसळलेला असतो, पण काम भागतं. प्लेटवर ४४० व्होल्ट होते. २५ वॉटचे सत्तर टक्के, म्हणजे साडेसतरा वॉट धरले तर फार तर ४० मिलिअँपिअर चालतील. मी ३६वर ठेवले होते.

सुरुवातीला उजवा ३६, डावा ३७. दहा मिनिटांनी तेच. म्हणजे गेल्या वेळी ज्या क्षणी मी समाधानाने पेचकस खाली ठेवला, नेमका तोच क्षण. या वेळी हात बांधून बसलो. तो बिचारा घड्याळाकडे बघत होता.

बाराव्या मिनिटाला डावा ४१.

पंधराव्याला ४७. उजवा ढिम्म, ३६.

अठराव्याला ५८. गुणाकार करा, साडेपंचवीस वॉट. मी खोलीतला दिवा मालवला. विसाव्या मिनिटाला आकडा ९० ओलांडत होता आणि पत्र्याच्या शिवणीजवळ तो डाग उगवला. "हाच, हाच!" तो ओरडला. मी पटकन पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या ग्रिडवर, प्रोब टेकवला. उणे ३८ व्होल्ट हवेत, होते उणे ३१, म्हणजे लगाम सैल. लगेच बंद केला.

आता विचार सोपा होता. बायसचा पुरवठाच ढासळला असता तर दोन्ही व्हॉल्व एकदम वाढले असते. एकाच बाजूचं ग्रिड वर सरकतंय, म्हणजे त्याच बाजूने कुठून तरी धन व्होल्टेज झिरपतंय. ग्रिडच्या अलीकडे फेज इन्व्हर्टरची, म्हणजे दोन्ही पॉवर व्हॉल्वना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या लहान व्हॉल्वची, प्लेट, तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास व्होल्ट, आणि दोघांच्या मध्ये एकच पहारेकरी: ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. गिटारचा आवाज जाऊ द्यायचा आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेचं स्थिर व्होल्टेज, अडवायचं, एवढंच त्याचं काम.

हात घालण्याआधी पुरवठ्यातले मोठे फिल्टर कपॅसिटर रिकामे केले. प्लग काढला तरी त्यांच्यात जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं. काहीजण पेचकसाने थेट शॉर्ट करतात, ठिणगी उडते, मर्दुमकी वाटते. मला तो प्रकार अजिबात पसंत नाही. मी १० किलोओहमचा रेझिस्टर क्लिपने लावतो आणि मीटरचा आकडा उतरताना बघत राहतो. चारशे, दीडशे, चाळीस, दोन. शून्याजवळ आल्याशिवाय दुसरा हात खिशातून बाहेर काढायचा नाही.

कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोल्डर सोडवून उचललं, मीटरने मोजलं: ठणठणीत. इथेच माणूस फसतो. मीटर ओहम मोजताना जेमतेम एक-दोन व्होल्ट लावतो, तेही थंड कपॅसिटरवर. म्हणून पॉवर व्हॉल्व काढून ठेवले, अ‍ॅम्प सुरू केला, उचललेल्या टोकाला डीसी व्होल्टवर मीटर लावला. ०.२. मग केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि लांबून कपॅसिटरवर गरम हवा सोडली. पाच. अठरा. साठ. बघता बघता १२० पार. ड्रायर बंद केला, आकडा सावकाश खाली यायला लागला.

गळती किती? ग्रिड ७ व्होल्ट सरकलं, तिथला रेझिस्टर २२० किलोओहमचा. म्हणजे फक्त ३२ मायक्रोअँपिअर. एका अँपिअरचे दहा लाख भाग करा, त्यातले बत्तीस. तेवढ्यावर एवढा दांडगा व्हॉल्व स्वतःला भाजून घेत होता. आणि तो कपॅसिटर नेमका डाव्या व्हॉल्वच्या सॉकेटला खेटून बसवलेला, म्हणून तापायलाही पहिला.

दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलले, ६३० व्होल्टचे, आणि सॉकेटपासून बोटभर दूर. भाजलेला व्हॉल्व परत घातला नाही. वर काचेच्या आतला चंदेरी थर शाबूत होता, म्हणजे हवा शिरली नव्हती, पण त्याच्यावर माझा भरवसा उरला नाही. माझ्याकडची तपासून ठेवलेली जोडी बसवली आणि तिचे पैसे मागितले नाहीत. मागायला तोंड कुठे होतं?

या वेळी बायस लावला तो पाऊण तास तापवल्यावर. ३५ आणि ३६. मग रेझिस्टर काढून स्पीकर जोडला आणि त्याला म्हटलं, वाजव. दीड तास तो वाजवत होता आणि मी दिवा मालवून व्हॉल्वकडे बघत होतो. करडे ते करडेच.

चार वाजता बंद केला तर हा लगेच उचलायला धावला. "थांब रे, निदान पंधरा मिनिटं. तापलेल्या फिलामेंटला धक्का सोसत नाही."

"काका, वाजवताना मधे थांबलो तर स्टँडबायवर टाकू ना?"

"दहा मिनिटं टाक. तासभर थांबणार असशील तर सरळ बंद कर. आणि मागची जाळी भिंतीला टेकवू नकोस."

निघताना त्याने टेबलावर नजर फिरवली. "आणि तो माझा फ्यूज?"

३ अँपिअरचा तो फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी म्हटलं, सापडत नाहीये.