फिलाडेल्फियाला गेलात तर फ्रंट स्ट्रीटपर्यंत नक्की जा

न्यू जर्सीतले आपले बहुतेक लोक आई-बाबांना फिलाडेल्फियाला आणतात, लिबर्टी बेल दाखवतात, इंडिपेंडन्स हॉलसमोर फोटो काढतात आणि परतीला लागतात. मेमोरियल डेच्या (युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा मे महिन्यातला दिवस) आदल्या शनिवारी आम्ही तिथून तसंच नदीच्या दिशेने चालत गेलो. पंधरा-वीस मिनिटांत फ्रंट आणि स्प्रूस स्ट्रीटपाशी पोचलो. व्हिएतनाम आणि कोरिया, दोन्ही युद्धांत मारल्या गेलेल्या इथल्या मुलांची स्मारकं तिथे शेजारी-शेजारी आहेत. आय-९५ महामार्ग अगदी लगत असल्यामुळे गाड्यांची घरघर सतत कानावर येते.

व्हिएतनामचं स्मारक ऑक्टोबर १९८७ मध्ये खुलं झालं. ग्रॅनाइटवर ६४८ नावं आहेत, सगळी फिलाडेल्फियाची. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीवर अठ्ठावन्न हजारांवर नावं आहेत. तिथे माणूस त्या आकड्यानेच दबून जातो. इथे तसं होत नाही. इथे प्रत्येक नावामागे एक गल्ली आहे, एक शाळा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गल्ल्यांत आजही जाता येतं.

म्हणूनच माझं सांगणं आहे की घरून निघण्यापूर्वी निदान दोन-तीन नावांची माहिती वाचून निघा. ‘वॉल ऑफ फेसेस’ या व्हिएतनाम युद्धातल्या मृतांच्या संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधता येतं, जवळपास प्रत्येकाचा फोटोही आहे. मी मायकल क्रेसेन्झबद्दल वाचून गेले होते. २० नोव्हेंबर १९६८ला त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात अडकली. हा एकटा उठला, एकामागून एक तीन बंकर बंद पाडले आणि चौथ्याकडे धावताना पडला. वय १९. त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, म्हणजे शौर्यासाठीचा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं. व्हिएतनाम युद्धात तो मान मिळालेला फिलाडेल्फियाचा तो एकटाच. शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाला आज त्याचं नाव आहे. भिंतीवर मात्र त्याचं नाव इतरांइतक्याच अक्षरांत आहे. त्यावरून बोट फिरवलं तर दगड उन्हाने तापलेला होता, अक्षरांच्या खाचा तेवढ्या गार लागल्या.

दुसरी गोष्ट एडिसन हायस्कूलची. न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसन गावाशी तिचा संबंध नाही; ही उत्तर फिलाडेल्फियातली शाळा. तिचे ६४ विद्यार्थी व्हिएतनाममध्ये मारले गेले. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही हायस्कूलने या युद्धात इतकी मुलं गमावलेली नाहीत. त्या काळी कॉलेजात शिकणाऱ्याला सक्तीच्या भरतीतून सवलत मिळायची. ज्यांच्या घरी कॉलेजचा खर्च झेपत नव्हता त्या कामगार वस्तीतल्या, कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन घरांतल्या मुलांना ही वाट बंद होती. हे वाचून मला फार राग आला आणि तो भिंतीसमोर उभं राहिल्यावरही ओसरला नाही. लेहाय अव्हेन्यूवरची शाळेची जुनी इमारत २०११ मध्ये आगीत गेली, तेव्हा ती शोधत जाऊ नका.

कोरियाचं स्मारक तिथून हाकेच्या अंतरावर. लगतच्या छोट्या रस्त्याचं नावच ‘थर्टी-एट्थ पॅरलल प्लेस’ आहे. ३८व्या अक्षांशावरच त्या देशाचे दोन तुकडे झाले. फिलाडेल्फिया आणि आसपासच्या चार काउंटींमधल्या मृतांची नावं इथे आहेत. खांबांवर जून १९५० ते जुलै १९५३ या काळातल्या युद्धाची हकिगत कोरली आहे. ती सावकाश वाचा, इथे घाई करू नका. या युद्धातल्या सात हजारांहून जास्त अमेरिकन सैनिकांचा अजूनही पत्ता लागलेला नाही.

आई-बाबा सोबत असतील तर त्यांना आपल्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सबद्दल जरूर सांगा. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ही भारतीय वैद्यकीय तुकडी १९५०च्या अखेरीस कोरियात पोचली, आणि मार्च १९५१ मध्ये तिच्यातल्या काही जणांनी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानला उड्या घेतल्या. माझ्या बाबांना हे ठाऊक नव्हतं. ऐकल्यावर ते खांबांवरचा मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

आता जाण्यायेण्याचं. सेप्टाच्या (इथली सार्वजनिक वाहतूक सेवा) ‘एल’ म्हणजे पूर्वीच्या मार्केट-फ्रँकफर्ड लाइनच्या मेट्रोने सेकंड स्ट्रीटला उतरा आणि दक्षिणेकडे चालत या. गाडी आणणार असाल तर नदीकाठी चाललेल्या महामार्गाच्या कामामुळे कोणते रस्ते बंद आहेत ते आधी बघून घ्या. तिकीट नाही. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, स्वच्छतागृहाचं काम इंडिपेंडन्स व्हिजिटर सेंटरमध्येच उरकून निघा. नावावर कागद धरून, पेन्सिल घासून ते उतरवून घ्यायचं असेल तर पातळ कागद आणि मऊ पेन्सिल लागेल. मेमोरियल डे आणि ११ नोव्हेंबरच्या (व्हेटरन्स डे, माजी सैनिकांचा दिवस) सुमारास घरची माणसं आणि जुने सैनिक येतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि कुणी भिंतीला हात लावून उभं असेल तर त्यांचं होईपर्यंत थांबा. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर बिनधास्त आणा. फक्त कोणाबद्दल वाचायचं ते त्यांनाच निवडू द्या.