नारळाच्या दुधातला भात आणि पुएर्तो विएहोचे सहा दिवस

आईला समुद्र दाखवायला न्यायचं म्हणजे नक्की काय दाखवायचं हा प्रश्नच होता, कारण तिचं अख्खं आयुष्य रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्याजवळ गेलंय. ती ह्यूस्टनला आमच्याकडे आली तेव्हा सगळ्यांनी मेक्सिकोतलं कॅनकुन सुचवलं, पण मनगटाला पट्टा बांधून हजार खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये तिला नेऊन बसवायचं माझ्या जिवावर आलं. मग शोधत शोधत कोस्टा रिकाच्या कॅरिबियन बाजूला, पुएर्तो विएहो आणि पुंता उवाच्या मध्ये, आठ लाकडी खोल्यांचं एक बुटिक हॉटेल सापडलं आणि दसरा झाल्यावर निघालो. आईकडे अमेरिकेचा व्हिसा होता त्यामुळे तिकडचा वेगळा काढावा लागला नाही.

ऑक्टोबर का, तर कोस्टा रिकाला जाणारे बहुतेक लोक पॅसिफिककडे जातात आणि तिकडे ऑक्टोबरमध्ये धो धो पाऊस असतो, पण ह्या दक्षिण कॅरिबियन पट्ट्याचं गणित बरोबर उलटं आहे, सप्टेंबर-ऑक्टोबर हेच इथले सगळ्यात कोरडे महिने आणि समुद्र अगदी तळ्यासारखा. कोरडे म्हणजे कोकणातला नोव्हेंबर नव्हे हां, एखादी सर येतेच आणि टॉवेल सहा दिवसांत एकदाही नीट वाळला नाही.

राजधानी सॅन होसेहून शटल घेतली. रस्ता ब्राउलिओ कारिल्यो नॅशनल पार्कमधून घाट उतरतो, दोन्ही बाजूंना किर्र जंगल, आंबा घाटात पावसाळ्यात असतं तसं धुकं. मध्ये एका पुलाखाली दोन नद्या मिळतात, एकीचं पाणी स्वच्छ आणि दुसरीचं इराझू ज्वालामुखीकडून आलेल्या खनिजांमुळे पिवळट तपकिरी, आणि थोडं अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहतात. ड्रायव्हरने गाडी हळू केली म्हणून दिसलं. पुढे दरड कोसळली होती, तिथे दोन तास उभे होतो. आईने पिशवीतून चकल्या काढून अख्ख्या व्हॅनला वाटल्या. खाली उतरल्यावर केळीच केळी, प्रत्येक घडाला निळी प्लास्टिकची पिशवी घातलेली, आणि मोईन बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर. हॉटेलवर पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता, नुसता बेडकांचा आवाज आणि दूर कुठेतरी लाटा.

हॉटेलचं खरं रूप सकाळी कळलं. साडेचारला आई मला हलवून उठवतेय, "अगं ऊठ, बाहेर वाघ आहे!" ते हाउलर माकडांचं ओरडणं होतं. आकाराने बेताचंच माकड, पण आवाज काही किलोमीटर ऐकू जातो. माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला.

खोली लाकडी खांबांवर उभी, भिंतीच्या जागी अर्धी जाळी, एसी नाही, पंखा आणि मच्छरदाणी. स्वस्त अजिबात नव्हतं. पण पैसे कशाचे दिले ते मला तिथे समजलं, त्यांनी एकही मोठं झाड तोडलेलं नाही, पायवाट झाडांना वळसे घालत जाते आणि शेवटी किनाऱ्यावरच्या बदामांखाली निघते. बदाम म्हणजे आपला देशी बदाम, शाळेच्या आवारात दगडाने फोडून खायचो तोच! तो मूळचा आपल्याच बाजूचा. त्याची फळं खायला मोठे हिरवे मकाव येतात, मान्सानियो गावाजवळ त्यांना पुन्हा जंगलात सोडण्याचं काम चालू आहे. चार पोपट डोक्यावर बदाम फोडत बसलेत आणि टरफलं आमच्या चटईवर पडतायत, आणि आई वर बघत म्हणतेय, "खा रे बाबांनो, खा."

पण माझ्यासाठी सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात.

रविवार होता. इकडे रविवारी राइस अँड बीन्स करतात, नारळाच्या दुधातला. स्वयंपाकाच्या बाई साठीच्या पुढच्या, त्यांना सगळे मिस म्हणतात, आपण बाई म्हणतो तसं. आईला नारळ फोडल्याचा आवाज आला आणि ती सरळ आत गेली. पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली किसणी होती, त्यावर बाई खोबरं किसत होत्या. आईने ती हातात घेऊन फिरवून बघितली, मग शेजारी बसली आणि किसायला लागली. विळीवर पन्नास वर्षं नारळ खवलेला हात, पण किसणीवर बोटं सोलवटली, तरी थांबली नाही. नारळाचा चव कोमट पाण्यात कालवून पहिलं दाट दूध पिळलं, मग दुसरं पातळ. बाई त्यांच्या लिमोनी, म्हणजे ह्या लिमोन प्रांतातल्या, इंग्रजीत बोलत होत्या आणि आई चक्क मराठीत, आणि दोघींचं सगळं नीट चाललं होतं. लाल बीन्स शिजलेले, त्यात लसूण, थाइम, दूध, तांदूळ, आणि वर एक अख्खी पनामेन्यो मिरची, गोल, पिवळी, देठासकट. बाईंनी बोट वर करून दम दिला, ही फुटता कामा नये. वास भातात उतरला पाहिजे, तिखट नाही. भात झाला की मिरची अलगद उचलायची. आई अख्खा वेळ त्या झाकणाकडे बघत बसली होती.

जेवताना मी बाईंना विचारत गेले. त्यांचे पणजोबा जमैकाहून रेल्वेच्या कामावर आले. लिमोन बंदर ते सॅन होसे ह्या लाइनचं काम 1871 मध्ये सुरू झालं आणि 1890 मध्ये पुरं झालं, मग रुळांच्या बाजूने केळीचे मळे झाले आणि आलेली माणसं तिथेच राहिली. इथे जन्मलेल्या मुलांनाही सरसकट नागरिकत्व मिळायला 1949 साल उजाडलं. त्यांच्या वडिलांची कोकोची बाग होती, सत्तरच्या दशकाच्या शेवटी मोनिलिया नावाची बुरशी आली आणि शेंगा झाडावरच पांढऱ्या पडून कुजल्या. अख्ख्या किनाऱ्याची बाग गेली, कित्येकांनी जमिनी विकल्या. तरी ह्या बाईंनी एक तुकडा ठेवलाय. मग 22 एप्रिल 1991 चा भूकंप, साडेसातच्या वरचा. लिमोनजवळ तर जमीन दीड मीटरपर्यंत वर उचलली गेली आणि पाण्याखालचं कोरल उघडं पडून मेलं. मी रोज त्या काळ्या खडकांवर उभी राहून फोटो काढत होते, ते मेलेलं कोरल आहे हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथे पाय ठेवताना वेगळं वाटलं.

बाकी फिरणं भरपूर झालं. मान्सानियोला रस्ता संपतो, तिथवर सायकलने जाता येतं, मी गेले, आई टॅक्सीने आली. काउइता नॅशनल पार्कला गावाच्या बाजूने आत जायला ठरावीक तिकीट नाही, इच्छेनुसार पैसे टाकायचे. तिथे स्लॉथ दिसला, अंगावरच्या केसांत शेवाळ वाढल्यामुळे हिरवट, एक हात एका फांदीवरून दुसरीवर न्यायला त्याने जो वेळ घेतला तेवढ्यात आईचा जप झाला. पोहायचं असेल तर पुंता उवा, कोक्लेसच्या किनाऱ्याला ओढ फार आहे, लाइफगार्ड असतील तिथेच उतरा. ब्रिब्री आदिवासींच्या गावातही गेलो, त्यांच्यात कूळ आईकडून चालतं आणि विधीचा कोको फक्त बायकांनीच करायचा असतो. भाजलेल्या बिया मोठा दगड डोलवून वाटतात. आईने न विचारता त्या दगडाला हात लावून नमस्कार केला.

निघायच्या दिवशी बाईंनी आईला घरी काढलेल्या खोबरेल तेलाची बाटली दिली. आईकडे द्यायला चकल्याही उरल्या नव्हत्या, तर तिने स्वतःची इरकली ओढणी त्यांच्या खांद्यावर घातली.

आई आता रत्नागिरीला परत गेलीय. गेल्या रविवारी फोन आला, भात केला म्हणाली. राजमा घातला, थाइम मिळालं नाही म्हणून कुंडीतल्या ओव्याची पानं घातली आणि वास अगदी तस्साच आला. मी वाचून बघितलं, ओवा आणि थाइम दोन्हीत थायमॉल असतं. तिला ते सांगितलं तर म्हणाली, "ते असू दे, मिरची फुटली ना माझी. आपल्या मिरच्यांचं साल पातळ. त्यांना विचार, दुसरी कुठली चालेल."

हॉटेलच्या नंबरवर मेसेज टाकलाय, अजून उत्तर आलेलं नाही.