आमची वाटचाल : दोन नंबरची पिन

स्पीकर कुठला, मिक्सर कुठला हे सगळे विचारतात. केबल कुणी बनवली हे कुणी विचारत नाही. या कामाला कारागिरी लागते हे मी आयुष्यभर सांगत आलो आहे.

दोघा भागीदारांनी एका टेबलावर केबल बनवायला सुरुवात केली, तेव्हा स्पीकरलाही सर्रास पाव इंची जॅक असायचा. चालू अ‍ॅम्प्लिफायरला खुपसताना टोक भलत्या पत्तीला टेकलं की शॉर्ट. न्यूट्रिक कंपनीचा स्पीकॉन, म्हणजे खास स्पीकरसाठीचा प्लग, १९८७ मध्ये आला होता, पण आमच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचायला बराच वेळ लागला. फिरवला की खटकन बसतो. त्या आवाजावर माझा जीव आहे.

आम्हाला बुडवायला निघाली ती मात्र एक्सएलआरची, म्हणजे माइकच्या केबलला असतो त्या तीन पिनांच्या प्लगची, पिन. एईएस या ध्वनी अभियंत्यांच्या संस्थेच्या १९९२ च्या एईएस १४ या मानकाने ठरवून दिलं : एक नंबर शील्ड (केबलचं जाळीचं आवरण), दोन हॉट (सुलटा सिग्नल), तीन कोल्ड (उलटा सिग्नल). पण त्याआधीची, विशेषतः अमेरिकन, कितीतरी यंत्रं तीन नंबर हॉटची होती आणि ती काही एका रात्रीत भंगारात गेली नाहीत.

एका सभागृहाला आम्ही ४८ केबल दिल्या. डावा अ‍ॅम्प्लिफायर नवा, उजवा जुना. चाचणीला दोन्ही बाजू वाजल्या, पण मधोमध उभं राहिलं की बेस गायब : एका बाजूचा आवाज सुलटा, दुसरीचा उलटा, दोन्ही एकमेकांना मारत होते. खापर आमच्या केबलवर. त्याच रात्री आमच्या एका प्रतिस्पर्ध्याने उजव्या बाजूच्या केबलमध्ये दोन आणि तीनच्या वायरी उलटवल्या. बेस परत आला, तो हिरो झाला. "यांना तीन पिना मोजता येत नाहीत," हे त्याने दुकानोदुकानी सांगितलं. बिल अडकलं, कामं आटली, भागीदार निघून गेला.

त्या उलट्या केबलवर त्याने साधी खूणही केली नव्हती. सहा महिन्यांनी ती फिरत फिरत भाषणाच्या माइकला लागली. शेजारी शेजारी दोन माइक, आणि आवाज पोकळ. सभागृहाने एका रेकॉर्डिस्ट काकांना बोलावलं. आमची अगदी पहिली केबल त्यांनीच घेतली होती. त्यांनी सगळ्या केबल टेस्टरवर लावल्या : ४७ सरळ, एक उलटी. तिचं टोक उघडलं. आमचा सोल्डरचा डाग बसका, चकचकीत असतो. आत दोन मळकट गोळे होते. मग काकांनी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं मॅन्युअल व्यवस्थापकांपुढे ठेवलं : तीन नंबर हॉट.

पुढचं काम आम्हाला मिळालं. मागचं बिल आजतागायत नाही.

नव्या मुलांना सांगतो, पिना उलटवायच्याच असतील तर वेगळा छोटा अ‍ॅडॉप्टर करा आणि त्याला लाल टेप गुंडाळा. नेहमीच्या केबलला हात लावू नका. आणि बूट, म्हणजे प्लगच्या मागची टोपी, आधी केबलवर ओवा, मग डाग द्या.

नंतरची वर्षं बरी गेली. आता दान्तेमुळे, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवरून आवाज पाठवायच्या पद्धतीमुळे, एका नेटवर्क केबलमधून अख्ख्या स्टेजचा आवाज जातो. त्या प्लगची प्लास्टिकची जीभ मोडते, म्हणून त्यालाही एथरकॉन नावाचं धातूचं कवच लागतंच. माइक मात्र अजून त्याच तीन पिनांवर.

ते मळकट टोक काकांनी कापून मला दिलं होतं. टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेलं आहे. नवा मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला तेच उघडायला देतो.