आमदारांच्या ऑफिसातली निवडणुकीआधीची आवराआवर, आणि पाडलेल्या खोलीचा नो ड्यूज

आधीच सांगतो, तुम्ही कुठल्या आमदारांकडे पीए असाल आणि निवडणूक लांब आहे म्हणून निवांत असाल, तर आजच बसून साहेबांच्या नावावर गेल्या दहा वर्षांत कुठकुठल्या सरकारी खोल्या होत्या ते लिहून काढा. बाकी सगळं होतं हो, शेवटच्या रात्री का होईना पण होतं. पण या खोल्यांची थकबाकी नाही असा दाखला, म्हणजे नो ड्यूज, हा एक कागद मात्र जीव काढतो.

मी 2024 च्या विधानसभेचं सांगतोय. सभागृहाची मुदत 26 नोव्हेंबरपर्यंत होती, बरखास्ती वगैरे काही नव्हती, पण आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ऑफिसचं काम आचारसंहिता लागते त्याच दिवशी संपतं. आमचे आधीचे पीए, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते 1999 ची गोष्ट कायम सांगायचे. तेव्हा विधानसभा मुदतीच्या सहा महिने आधीच बरखास्त केली आणि लोकसभेबरोबर सप्टेंबरात निवडणूक लावली, तेव्हापासून नाना कागद वर्षभर तयारच ठेवायचे. आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

दसऱ्याच्या आधीपासून ऑफिसात नुसती जत्रा होती. आमदार निधीचे वर्षाचे 5 कोटी, त्यातली राहिलेली कामं, त्यांचे प्रस्ताव, वर्क ऑर्डर, भूमिपूजनं, सकाळी एका वाडीत नारळ तर दुपारी दुसऱ्या. इथे एक सांगतो, नुसती वर्क ऑर्डर हातात असून काही उपयोग नाही, जागेवर प्रत्यक्ष काम सुरू झालेलं नसेल तर आचारसंहितेत ते सुरू करता येत नाही, त्यामुळे नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी जेसीबी उभा राहिलाच पाहिजे आणि त्याचा तारखेसकट फोटो आपल्याकडे पाहिजे. ठेकेदार 'करतो करतो' म्हणतात, त्यावर जाऊ नका.

15 ऑक्टोबरला मंगळवारी दुपारी दिल्लीत निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद झाली, आचारसंहिता लागली आणि संध्याकाळपर्यंत आमची पोरं बसथांब्यांवरच्या साहेबांच्या नावांवर कागद चिकटवत फिरत होती. दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले, शिफारस पत्र द्या, मागची तारीख टाका, कोणाला कळतंय. अजिबात टाकू नका. जावक रजिस्टरवर त्या दिवशीच्या शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारून मी सही केली आणि जो येईल त्याला ती रेघ दाखवली. थोडी नाराजी झाली, पण भांडण नाही.

आता मूळ दुखणं. उमेदवारी अर्जासोबत फॉर्म 26 चं शपथपत्र असतं ना, त्यात विचारतात की गेल्या दहा वर्षांत सरकारी जागा तुमच्या ताब्यात होती का. असेल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नाही असा दाखला जोडायचा. साहेब 2014 ला पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मुंबईत मनोरा आमदार निवासात खोली होती. 2017 ला तिथे एका आमदारांच्या खोलीतलं छत कोसळलं, मग इमारत रिकामी केली आणि पुढे पाडूनच टाकली. नंतर साहेबांना आकाशवाणी आमदार निवासात खोली मिळाली. तिचे कागद पटापट झाले. नागपूरच्या अधिवेशनातल्या खोलीचा कागदही वकिलांनी घ्यायला लावला, तोही एका माणसाने फोनवर बोलून व्हॉट्सअॅपला आधी आणि पोस्टाने नंतर पाठवला, त्याचं भलं होवो.

अडलं ते मनोराच्या विजेपाशी. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, अजून कामं पडतात तिथे. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, या नंबरचं मीटरच आमच्याकडे नाही. म्हटलं बरोबर आहे, बिल्डिंगच नाही. तर म्हणे, मग मीटर नाही तर थकबाकी नाही असं मी कशावरून लिहून देऊ? मी म्हटलं, अहो पण मीटर नाही तर थकबाकी आहे असं तरी कशावरून म्हणता? त्यावर त्यांनी चहा मागवला. एकच, स्वतःला.

मग वरच्या मजल्यावर पाठवलं. वरच्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या मते इमारत ज्या खात्याकडे होती त्यांनी आधी पत्र द्यायचं. तिकडे गेलो तर ते म्हणाले ताबा परत दिल्याची पावती दाखवा, मग पत्र. आणि सही करणारे अधिकारी? इलेक्शन ट्रेनिंगला. शिक्का कपाटात, कपाटाची चावी त्यांच्या खिशात. म्हणजे ज्या निवडणुकीसाठी कागद हवा त्या निवडणुकीमुळेच सही करणारा माणूस जाग्यावर नाही! गावाकडून साहेबांचा दर तासाला फोन, काय झालं, काय झालं. मी त्या जिन्यात उभं राहून काय काय बोललोय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यात 24 तारखेला गुरुपुष्यामृत. वहिनींनी आधीच भटजींना विचारून ठेवलं होतं, अर्ज त्याच दिवशी. शेवटी साहेबांनी मुहूर्तावर एक अर्ज भरून टाकला, चार अर्ज भरता येतात त्यामुळे ते चालतं, पण निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी चेकलिस्टवर नो ड्यूजसमोर फुली मारून ती आमच्या हातात दिली. 29 ला दुपारी तीनपर्यंत आणा म्हणाले. मधे 26 ला चौथा शनिवार, 27 ला रविवार. हातात काय राहतं बघा.

त्या रात्री नानांना फोन केला. नाना शांतपणे म्हणाले, लोखंडी कपाट, वरचा कप्पा, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली बघायला सांग. ऑफिसातल्या पोराने ताबा परत दिल्याची पावती काढली. कार्बनची फिकट निळी प्रत, 'पंखे दोन, गीझर एक, सोफा एक (फाटलेला), चाव्या दोन, मिळाल्या', खाली सही, गोल शिक्का, आणि मागे नानांनी टाचणीने लावलेलं शेवटचं वीज बिल भरल्याच्या पावतीसकट! शुक्रवारी सकाळी ते प्रिंट काढून खिडकीवर ठेवलं तर तेच गृहस्थ म्हणतात, हे आधी नाही का दाखवायचं. घ्या.

सही संध्याकाळी झाली, ऑफिस सुटता सुटता. तेव्हाही पहिला दाखला दिला त्यात 'सध्या कोणतीही थकबाकी नाही' एवढंच. मी खिडकीवरून हललोच नाही. 'मागील दहा वर्षांच्या कालावधीत' हे शब्द घालून परत टाइप करून घेतला. म्हणून दाखल्याच्या अर्जासोबतच आपल्याला हव्या त्या मजकुराचा मसुदा जोडत जा, टाइप करणाऱ्यालाही बरं पडतं. सोमवारी 28 ला दाखला जमा केला आणि पोच घेतली.

बाकीचं आठवेल तसं. शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडायचा नाही, 'निरंक' नाहीतर 'लागू नाही' लिहायचं. साहेबांच्या जुन्या आंदोलनांच्या केसेस प्रत्येक पोलीस ठाण्यातून लेखी काढून घ्या, साहेबांना स्वतःला निम्म्या आठवत नाहीत. अर्ज भरायला आत उमेदवार धरून पाचच माणसं जातात, ती नावं आदल्या रात्री साहेबांकडूनच ठरवून घ्या, नाहीतर दारात रुसवेफुगवे होतात आणि शिव्या पीएला बसतात. आणि हो, निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं लागतं, ते मॅनेजरला दिवाळीच्या गर्दीआधीच सांगून ठेवा, चेकबुक लगेच मिळत नाही.